खरी कॉर्नरचा कॅमेरा आणि झाकणातला कॅमेरा

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. दरवर्षी १ डिसेंबरला सिनेमातली मंडळी तिथे जमतात, कॅमेऱ्याची पूजा होते, फोटो निघतात. बाकीचे दिवस शेजारून गाड्या जातात आणि फारसं कुणी मान वर करून बघत नाही. आपल्याकडे स्मारकं माणसांची असतात, फार तर माणसाबरोबर घोड्याची. गावातल्याच लोकांनी जोडलेल्या एका यंत्राच्या आठवणीत उभारलेलं स्मारक मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

त्या यंत्राची गोष्ट आपण एका ओळीत ऐकलेली असते: बाबूराव पेंटर यांनी स्वदेशी कॅमेरा बनवला. पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. कसा बनवला? माणूस चित्रकार होता. मी इंजिनियर आहे, चार वर्षांची डिग्री आहे, रोज कोड लिहून पोट भरतो. मला कुणी 'कॅमेरा बनव' म्हटलं तर मी आधी ऑनलाइन कुठला पार्ट मिळतो ते शोधीन. म्हणून मला त्या 'कसा'मध्येच जास्त रस आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० चा. 'पेंटर' हे नाव कामावरून पडलं. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघा भावांना सिनेमाचा नाद लागला. पण सिनेमा काढायला कॅमेरा हवा, आणि पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशातून यंत्र मागवणं आणखीच अवघड झालं. मग त्यांनी दोन गोष्टी बरोबर चालवल्या. एकीकडे दुसऱ्यांचे सिनेमे दाखवायचे, दुसरीकडे स्वतःचा कॅमेरा जोडायचा.

इथे एक तांत्रिक गंमत आहे. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही दोन वेगळी यंत्रं वाटतात, पण पोटातून ती सख्खी भावंडं आहेत. दोन्हींत फिल्म सलग धावत नाही. ती झटक्याझटक्याने पुढे सरकते. एक चौकट खिडकीसमोर येऊन क्षणभर थांबते, पाकळी उघडते, प्रकाश जातो, पाकळी मिटते, फिल्मच्या कडेच्या भोकांत दात अडकतो आणि पुढची चौकट ओढून आणतो. मूकपटांच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा व्हायचं, आणि कॅमेऱ्यात तर हाताने दांडा फिरवून. प्रोजेक्टरमध्ये दिवा आतून बाहेर प्रकाश फेकतो. कॅमेऱ्यात बाहेरचा प्रकाश आत येतो. डबा काळोखी हवा, आणि ओढण्याची चाल अगदी नेमकी हवी, कारण चौकट केसभर हलली तरी पडद्यावर सगळं चित्र थरथरतं. हे सोपं नाही. पण जो माणूस रोज प्रोजेक्टर चालवतो, अडकला की उघडतो, झिजलेला दात घासून बसवतो, त्याला कॅमेऱ्याचं निम्मं गणित हातानेच कळलेलं असतं.

आनंदराव १९१६ साली अकाली गेले. काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी ते शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन पुरं केलं आणि १९१८ साली कॅमेरा चालता झाला. हे दामले म्हणजे पुढे प्रभातचे संस्थापक आणि 'संत तुकाराम'च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक. तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच चित्रपटानंतर. हा भाग सगळ्यांना माहीत असतो, म्हणून पुढे जातो.

या गोष्टीत पॅरिसचाही एक वाटा आहे आणि त्याबद्दल क्वचितच बोललं जातं. कॅमेरा घरचा असला तरी आत घालायची कोरी फिल्म परदेशातूनच येणार होती. ती या घरच्या कॅमेऱ्यात बसली, कारण १९०९ साली पॅरिसला सिनेमावाल्यांची परिषद भरली आणि फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असेल, कडेची भोकं ठरावीक असतील यावर तिथे एकमत झालं. त्याआधी ज्याचं यंत्र त्याची फिल्म अशीही तऱ्हा होती. ती तशीच राहिली असती, तर कोल्हापुरात कितीही हुशार हात असते तरी त्यांच्या कॅमेऱ्यात घालायला काही मिळालं नसतं. आनंदरावांची चिकाटी खरीच, पण जिथे दोन यंत्रं एकमेकांना जोडली जातात तो सांधा सगळ्यांना माहीत होता, हेही तितकंच खरं.

हा सांधा डोक्यात ठेवा. लॅपटॉपच्या झाकणातल्या कॅमेऱ्याची गोष्टही तिथूनच सुटते किंवा तिथेच अडते.

वेबकॅमचा जन्म कॉफीसाठी झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाची खोली होती, तिच्याबाहेर कॉफीचं एकच भांडं होतं, आणि वरच्या मजल्यांवरून उतरून यावं तर ते रिकामं. १९९१ साली दोघातिघांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि १२८ बाय १२८ ठिपक्यांचं करडं चित्र आपापल्या स्क्रीनवर आणलं. १९९३ साली ते इंटरनेटवर गेलं आणि जगभरचे लोक परक्या प्रयोगशाळेतली कॉफी बघत बसले. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला, तेव्हा ते भांडं एका जर्मन नियतकालिकाने लिलावात ३,३५० पौंडांना घेतलं. दरम्यान १९९४ मध्ये क्विककॅम नावाचा चेंडूएवढा कॅमेरा बाजारात आला होता, करड्या रंगाच्या सोळा छटा दाखवणारा. १९९८ मध्ये सोनीने एका छोट्या वायो लॅपटॉपच्या झाकणातच फिरता कॅमेरा बसवला. २००६ नंतर बहुतेक लॅपटॉपना तो येऊ लागला.

पण प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याची बोली वेगळी होती. कॅमेऱ्याबरोबर सीडी यायची, सीडी हरवली की कॅमेरा मेला. लिनक्स वापरणाऱ्यांना तर ती सीडीही निरुपयोगी. इथे मिशेल झार नावाचा फ्रान्सचा माणूस येतो. पेशाने डॉक्टर. आपल्या सवडीत त्याने एकेका कॅमेऱ्याची बोली उलगडून दोनशेहून जास्त वेबकॅमसाठी लिनक्सचे ड्रायव्हर लिहिले. २००८ मध्ये ते काम लिनक्सच्या गाभ्यात सामावलं गेलं. कोल्हापूरचा चित्रकार आणि फ्रान्सचा डॉक्टर. आमच्या डिग्रीवाल्यांनी यावर जरा विचार करायला हरकत नाही.

ही वणवण कमी झाली ती २००३ साली ठरलेल्या एका नियमामुळे. यूएसबी व्हिडिओ क्लास असं त्याचं नाव. कॅमेरा यूएसबीवर असेल तर त्याने याच भाषेत बोलायचं, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला तो वेगळ्या सीडीशिवाय कळेल. हा नियम म्हणजे वेबकॅमच्या जगातलं १९०९ चं पॅरिस. तुमच्या लॅपटॉपच्या झाकणात जी बोटाएवढी चिंचोळी पट्टी असते ती बहुधा याच भाषेत बोलते. रचना साधी आहे: एक भिंग, एक सेन्सर, एक चिप, आणि चार तारा. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. बऱ्याचदा सोबत माइकच्या तारा. आत तो साधा यूएसबी कॅमेराच असतो, फक्त प्लगच्या जागी कंपनीने आपल्या मर्जीचा कनेक्टर लावलेला असतो.

२०२० साली या चार तारांची किंमत सगळ्यांना कळली. माझ्या आत्तेबहिणीची ऑनलाइन परीक्षा चार दिवसांवर आली होती आणि कॅमेरा चालू असल्याशिवाय पेपर उघडणारच नव्हता. तिच्या लॅपटॉपचा कॅमेरा बंद. एका सर्व्हिस सेंटरने फोनवर सांगितलं, कॅमेरा सुटा मिळत नाही, पूर्ण वरची बाजू स्क्रीनसकट बदलावी लागेल. सांगितलेली रक्कम जुन्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीएवढी होती, आणि पार्ट यायला तीन आठवडे. बाहेरून लावायचे वेबकॅम तेव्हा बाजारातून गायब झालेले. मग आम्ही राजारामपुरीतल्या एका जिन्याखालच्या दुकानात गेलो.

"कॅमेरा गेलाय, दादा."

"गेला म्हंजे कसा गेला? नावच न्हाई, का नाव हाय अन् अंधार हाय?"

मी इतकी वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतोय, पण इतका नेमका पहिला प्रश्न फार कमी वेळा ऐकलाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेऱ्याचं नाव दिसत असेल आणि चित्र काळं येत असेल, तर तार बहुतेक धड आहे. मग झाकणावरची बारीक सरकपट्टी बघायची, कीबोर्डवरचं कॅमेऱ्याचं बटण बघायचं, विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये अॅपना परवानगी आहे का ते बघायचं, दुसऱ्या कुठल्या अॅपने कॅमेरा धरून ठेवलाय का ते बघायचं. स्क्रू काढायची गरज नसते. नावच दिसत नसेल, तर आधी बायोसमध्ये कॅमेरा बंद केलाय का ते तपासायचं, आणि मग संशय तारेवर. आणि झाकण मागेपुढे केल्यावर कॅमेरा येत-जात असेल, तर संशय कसला, खात्रीच. तार बिजागरीतून जाते. लॅपटॉप दिवसातून दहादा उघडमीट केला तर ती बिचारी दहादा वाकते.

आमचं 'नावच न्हाई' होतं, आणि बायोसमध्ये सगळं ठीक होतं. दादांनी आधी बॅटरी सोडवली, मग जुनं एटीएम कार्ड घालून स्क्रीनभोवतीची चौकट एका कोपऱ्यापासून हळूच सुटी केली. मल्टिमीटरचं एक टोक पट्टीकडे, दुसरं मदरबोर्डकडे. तीन तारांवर बीप वाजला, चौथीवर नाही. बिजागरीच्या वळणावर केसासारखी तार आत तुटली होती, वरचं आवरण शाबूत. त्यांनी तेवढाच तुकडा कापून बारीक तार डाग देऊन जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि बिजागरीत थोडी ढिलाई ठेवून बसवली. चाळीसेक मिनिटं लागली. पैसे किती घेतले ते सांगितलं तर तुम्ही सगळे तिथे गर्दी कराल.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या यादीत खरंच सुटा पार्ट नव्हता. पार्ट काय म्हणायचा आणि कुठवर उघडायचं हे यादी ठरवते, आणि यादी कंपनी ठरवते. लॅपटॉप सुधारायची सगळी गोष्टच या यादीभोवती फिरते. आपल्यापैकी कित्येकांनी जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी घातलीय, चारची रॅम आठ केलीय, डीव्हीडीच्या खाचेत दुसरी डिस्क बसवलीय. मरायला टेकलेलं यंत्र त्याने चार वर्षं जगतं. हे जमलं कारण रॅमची पट्टी आणि डिस्कचा जोड ठरलेल्या मापाचे होते, कुठल्याही कंपनीची कुठेही बसायची. आता पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. घेताना आठ तर मरेपर्यंत आठ. पातळपणासाठी हे करावं लागतं असं सांगतात. थोडं खरं आहे, पण डिस्कसुद्धा बोर्डावर चिकटवण्यात मला ग्राहकाचा फायदा दिसत नाही.

उलटा प्रयोगही चालू आहे. अमेरिकेतल्या फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने २०२१ मध्ये असा लॅपटॉप आणला की त्याचा कॅमेराही घरी बसून बदलता येतो. २०२४ मध्ये त्यांनी नवा, जास्त चांगला कॅमेरा काढला आणि तो २०२१ च्या लॅपटॉपमध्ये बसतो. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापावे लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्यांनी आपली दुरुस्तीची माहिती ठेवायची अशी कल्पना आहे. कल्पना उत्तम. जिन्याखालच्या दुकानाला बोर्डाचा नकाशा आणि सुटा कॅमेरा मिळेल तेव्हा ती खरी. तोवर तिथली माहिती बंद पडलेले लॅपटॉप उघडूनच जमते, जशी आनंदरावांनी जमवली असेल.

त्या दुकानात भिंतीला एक खोका होता, मेलेल्या लॅपटॉपमधून काढलेल्या कॅमेरा-पट्ट्यांनी भरलेला. प्रत्येकाचा कनेक्टर वेगळा, त्यामुळे एकाची दुसऱ्यात सरळ बसत नाही. दादा त्यांना जुनी यूएसबी वायर जोडतात आणि बाहेरचा वेबकॅम करून विकतात. यात एकच सांभाळायचं: बऱ्याच पट्ट्या ३.३ व्होल्टवर चालतात आणि यूएसबी ५ व्होल्ट देतं. सरळ जोडलं तर पट्टी जळू शकते, म्हणून विजेच्या तारेत व्होल्टेज उतरवणारी बारकी चिप घालायची.

त्यातलीच एक पट्टी त्यांनी टेबलावर स्टँडला बांधली होती. भिंग फिरवून बाहेर काढलं होतं आणि उलटं बसवलं होतं. उलट्या भिंगातून लांबचं काही दिसत नाही, पण अगदी जवळची वस्तू कितीतरी पट मोठी दिसते. खाली एक मदरबोर्ड होता. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात भिजलेली, मालकाने तेव्हापासून कपाटात ठेवून दिलेली मशीन. शेजारच्या मॉनिटरवर चिपचे पाय बोटाएवढे जाड दिसत होते आणि त्यांतल्या दोघांवर हिरवट गंज चढला होता. दादा एका हाताने ब्रश धरून, मान वर मॉनिटरकडे ठेवून, तो गंज काढत होते.