वार्धक्यातील अयोग्य औषधयोजना : कारणे, निकष आणि दक्षता

ज्या औषधापासून लाभापेक्षा अपायाचीच शक्यता अधिक, आणि ज्याला अधिक सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे, असे औषध वयोवृद्ध रुग्णास देणे याला वैद्यकशास्त्रात ‘अयोग्य औषधयोजना’ म्हणतात. औषध बनावट वा मुदतबाह्य असते असे नव्हे. चाळिशीतल्या रुग्णाला मानवणारी गोळी पंचाहत्तरीत घातक ठरू शकते. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक होते. देशात केरळनंतर हे प्रमाण सर्वाधिक होते. त्यामुळे हा प्रश्न येथील घरोघरचा आहे.

शरीरातील बदल

वयोमानानुसार मूत्रपिंडांची कार्यक्षमता घटते व औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. स्नायू झिजल्यामुळे रक्तातील क्रिएटिनीनचा आकडा सर्वसाधारण दिसतो. प्रत्यक्षात मूत्रपिंडे मंदावलेली असू शकतात. शरीरातील चरबीचे प्रमाण वाढत असल्याने डायझेपामसारख्या गोळीचा अंमल दिवसेंदिवस टिकतो. मेंदूही औषधांना अधिक संवेदनशील होतो.

औषधांची साखळी

मधुमेह, रक्तदाब, संधिवात आणि हृदयविकार एकत्र असलेला रुग्ण अनेक तज्ज्ञांकडे जातो. प्रत्येक जण आपापल्या व्याधीचे औषध देतो. संपूर्ण यादी मात्र कोणीच पाहत नाही. पाच किंवा अधिक औषधे नियमित घेण्यास सामान्यतः ‘बहुऔषधोपचार’ म्हटले जाते.

यातूनच एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध दिले जाते. रक्तदाबासाठी दिलेल्या अॅम्लोडिपिनमुळे काहींच्या पायांवर सूज येते. सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. त्यामुळे रात्री वारंवार उठावे लागते, पोटॅशियम घटते, उभे राहताना भोवळ येते आणि पडून खुब्याचे हाड मोडते. अशा वेळी पहिल्याच औषधाचा फेरविचार झाला असता, तर पुढचे अनर्थ टळले असते.

निकष

अमेरिकेतील वैद्य मार्क बिअर्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये शुश्रूषागृहांतील वृद्धांसाठी अयोग्य औषधांची पहिली यादी प्रसिद्ध केली. ‘बिअर्स निकष’ या नावाने ती ओळखली जाते. आता अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटी तिचे पुनरीक्षण करते. २०२३ मध्ये नवी आवृत्ती निघाली. आयर्लंडमधील संशोधकांच्या पुढाकाराने २००८ मध्ये ‘स्टॉप’ व ‘स्टार्ट’ हे निकष प्रसिद्ध झाले. पहिल्यात टाळावयाची औषधे आहेत, तर दुसऱ्यात आवश्यक असूनही दिली न जाणारी. गरजेचे औषध वगळणे हीदेखील चूकच, हे त्यामागील सूत्र आहे.

विशेष सावधगिरीची औषधे

• डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके : जठरातून रक्तस्राव, मूत्रपिंडास इजा, रक्तदाबात वाढ. रक्तदाबाच्या काही गोळ्या व लघवीची गोळी चालू असताना धोका आणखी वाढतो.

• अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या झोपेच्या वा चिंताशामक गोळ्या : विस्मृती, तोल जाणे, सवय लागणे.

• सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन : गोंधळलेपण, बद्धकोष्ठता, लघवी अडणे.

• मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड : रक्तशर्करा धोकादायकरीत्या आणि दीर्घकाळ घटणे.

यांतील काही औषधे विशिष्ट रुग्णास आवश्यकही असू शकतात. निकष वैद्याच्या विवेकाला साहाय्य करतात. त्याची जागा घेत नाहीत.

दक्षता

रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची एकच यादी घरी असावी. तीत मात्रा, वेळ व कारण नोंदवावे. आयुर्वेदिक व होमिओपॅथिक औषधे, तसेच फार्मसीतून परस्पर आणलेल्या गोळ्याही लिहाव्यात. एकच औषध निरनिराळ्या व्यापारी नावांनी मिळत असल्याने मूळ नावाची नोंद महत्त्वाची आहे; अन्यथा तीच गोळी दोनदा घेतली जाते. रुग्णालयातून घरी येताना जुनी कोणती औषधे थांबवायची, हे स्पष्ट विचारावे. मुले परगावी वा परदेशी असल्यास यादीची प्रत त्यांच्याकडेही असावी.

भोवळ, अकस्मात आलेला गोंधळ, अन्नावरची वासना उडणे किंवा वारंवार पडणे ही ‘वयाची लक्षणे’ मानण्यापूर्वी औषधांची तपासणी करून घ्यावी. मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. झोपेच्या गोळ्या, स्टेरॉइड आणि काही हृदयविकाराची औषधे एकाएकी थांबवल्यास प्राणावर बेतू शकते. ती वैद्यांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच कमी करावी लागतात. वर्षातून किमान एकदा कुटुंबाच्या डॉक्टरांसमोर संपूर्ण यादी ठेवून प्रत्येक औषधाची आजची गरज विचारणे, हा यावरील सर्वांत साधा उपाय आहे.