फोडलेला दगड आणि नदीचे पाणी

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे उभे राहतात. आज आम्ही मांडणार आहो तो इतिहास फोडलेल्या दगडाचा आहे. सुरुंग लावणाऱ्या माणसाने हिशेबाच्या दोनच रकमा धरल्या: दारू किती लागली आणि दगड किती निघाला. तिसरी रक्कम पाण्यात वाहत होती. ती मांडावयास त्याला फार उशीर झाला.

युरोपातील खाणींत काळी दारू आली ती सतराव्या शतकात. तिचा मुख्य घटक सोरा, म्हणजे नत्राचाच क्षार. १८६७ साली आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले. १९०९ साली फ्रिट्झ हाबरने हवेतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला आणि पुढे अमोनियम नायट्रेटचे खत विपुल झाले. १६ एप्रिल १९४७ रोजी टेक्सास सिटी बंदरात हेच खत भरलेले जहाज फुटून पाचशेंहून अधिक माणसे दगावली. १९५५ च्या सुमारास ९४ भाग या खतात ६ भाग इंधन-तेल मिसळून केलेले स्वस्त स्फोटक खाणींत रूढ होऊ लागले.

परंतु खत सुरुंगात भरले म्हणून त्याचा गुण पालटत नाही. ते पाण्यात चटकन विरघळते. भरताना सांडलेले, ओल्या भोकात भिजलेले, न फुटता राहिलेले कण टाकाऊ दगडाबरोबर ढिगाऱ्यावर जातात आणि पावसाचे व बर्फाचे पाणी त्यांना ओढ्यात नेते. समजा, १००० टन स्फोटक वापरले. त्यात नत्र सुमारे ३३० टन. त्यातले शेकडा एक जरी उरले, तरी ३ टनांहून अधिक नत्र पाण्यात गेले. अमोनिया माशांना घातक. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट फार झाले, तर तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील एल्क नदीच्या खोऱ्यात हे सारे एकत्र पाहावयास मिळते. पोलादासाठी लागणारा कोळसा काढताना तेथे दगडाचे डोंगर साचले. त्यांतून नायट्रेटबरोबर सेलेनियमही झिरपते. तेही माशांना बाधक. ते काढू पाहणाऱ्या जीवाणूंपुढे आधी नायट्रेट येते, म्हणून प्रथम त्याचाच निकाल लावावा लागतो. २०१८ पासून तेथे दगडाने भरलेल्या जुन्या खड्ड्यात दूषित पाणी सोडून, प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंना खाद्य पुरवून नायट्रेटचा निरुपद्रवी नत्रवायू केला जाऊ लागला. तरीही ही नदी पुढे ज्या जलाशयास मिळते, तो सरहद्द ओलांडून अमेरिकेत जातो. २०२४ साली दोन्ही सरकारांना हा प्रश्न संयुक्त आयोगाकडे सोपवावा लागला.

आम्हांस यातून एवढेच सुचवावयाचे आहे. ओल्या भोकात पाण्याला दाद न देणारे स्फोटक भरणे, सांडलेले लगेच उचलणे, भरलेला सुरुंग फार दिवस तसाच न ठेवणे, ही कामे साधी आहेत व खाणीच्या तोंडाशीच होतात. ती तेथे टळली, तर त्यांचे मोल खालच्या गावाला द्यावे लागते, आणि त्या गावाला कोळसाही मिळालेला नसतो, पोलादही नाही.