एका वळणाचा घाट

घाटातून जाताना वळणे मोजण्याची मला लहानपणापासून खोड आहे. आजोळी जाताना आंबा घाट उतरू लागला की एस.टी.च्या खिडकीशी बसून मी बोटांवर वळणे मोजीत असे, आणि दर खेपेला आकडा निराळा येत असे. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात, ग्लेशियर नॅशनल पार्कमधून भाच्याच्या मोटारीने जाण्याचा योग आला तेव्हाही बोटे आपोआप चालू झाली. तिकडे मोटारी रस्त्याच्या उजव्या अंगाने जातात, आणि पश्चिमेकडून चढताना दरीही उजव्याच हाताला असते. त्यामुळे चालकाशेजारी बसलेला माणूस जवळजवळ दरीवरच बसलेला असतो. गुडघ्याएवढ्या दगडी कठड्यापलीकडे तीन हजार फूट काही नाही.

"मामा, वळणं मोजताय?" भाच्याने विचारले.

"मोजतोय. एकच झालं."

ते एक वळण म्हणजे 'द लूप'. तेथे रस्ता हेअरपिनसारखा वळतो आणि मग सरळ सुटतो. सरळ म्हणजे डोंगराच्या कडेकडेने. पण पुन्हा मागे फिरून स्वतःच्याच डोक्यावरून जाणे नाही. 'गार्डन वॉल' नावाच्या प्रचंड कातळभिंतीच्या कुशीतून एकसारखा चढत तो 6,646 फुटांवरच्या लोगन खिंडीत पोहोचतो. सह्याद्रीतल्या माणसाला हे विपरीत वाटते. आपल्याकडे घाट म्हटला की तो नागमोडीच असायचा. एवढा उंच घाट एकाच वळणात कसा चढला, या साध्या कुतूहलातून मी त्या रस्त्याच्या इतिहासात शिरलो, आणि शिरलो तो भलतीकडेच निघालो.

हे उद्यान 11 मे 1910 रोजी स्थापन झाले. त्यामागे निसर्गप्रेम होते तसा आगगाडीचा हिशेबही होता. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा मार्ग उद्यानाच्या दक्षिण सीमेवरून जात होता, आणि त्या कंपनीचा सूत्रधार लुई हिल याने उद्यानाच्या काठाला मोठी हॉटेले व आतल्या डोंगरांत शॅले बांधून काढली. पाहुण्याने आगगाडीने यावे, घोड्यावर बसून एका शॅलेहून दुसऱ्या शॅलेला जावे, आठवडा पंधरवडा राहावे आणि खिसा हलका करून परतावे, अशी ती योजना होती. अर्थात हे सुख ज्याच्यापाशी वेळ आणि पैसा दोन्ही असेल त्याचेच. पश्चिमेकडच्या मॅकडोनल्ड सरोवरापासून पूर्वेकडच्या सेंट मेरी सरोवराकडे डोंगर ओलांडून चाकावर जाण्याची सोय नव्हती.

1916 मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचे स्वतंत्र खाते निर्माण झाले आणि त्याचा पहिला संचालक झाला स्टीफन मॅदर. हा बोरॅक्सच्या व्यापारात गबर झालेला गृहस्थ. उद्यानांसाठी त्याने स्वतःचे पैसेही सढळ हाताने खर्च केले. मोटारीत बसणाऱ्या सामान्य कुटुंबाला डोंगर पाहता आले पाहिजेत, त्याखेरीज उद्यानांना लोकांचा पाठिंबा मिळणार नाही, हे त्याने ओळखले होते. पण प्रत्येक उद्यानात एक मोठा रस्ता झाला की पुरे, उरलेले रान पायी जाणाऱ्याला आणि जनावरांना राहू द्यावे, असेही त्याचे मत होते. ग्लेशियरमध्ये तो एकच रस्ता कोठून न्यावा, यावरून 1924 मध्ये जे भांडण झाले ते मला या साऱ्या कथेतला सर्वांत रसाळ भाग वाटतो.

खात्याचा मुख्य अभियंता जॉर्ज गुडविन याने लोगन ओढ्याच्या खोऱ्यातून पंधरा वळणांचा घाट आखला होता. चढ शंभर फुटांस आठ फूट. काम आटोपशीर, खर्च त्या मानाने बेताचा. आपल्याकडच्या कोणत्याही बांधकाम खात्याने तो डोळे मिटून मंजूर केला असता. पण खात्यात टॉमस व्हिंट नावाचा एक तिशीतला तरुण होता. तो अभियंता नव्हे, प्रदेशरचनाकार. म्हणजे रस्ता, इमारत, झाड आणि डोंगर एकमेकांस शोभतात की नाही हे पाहणारा. तो म्हणाला, ही पंधरा वळणे डोंगराच्या अंगावर घातली तर ते खोरे खाणवाल्यांनी खणून टाकल्यासारखे दिसेल. त्यापेक्षा एकच वळण घ्या आणि गार्डन वॉलच्या पोटातून सरळ चढा. चढ शंभरास सहा फूट राहील, ऊन मिळाल्याने बर्फ लवकर वितळेल, आणि मुख्य म्हणजे समोरून पाहणाऱ्याला रस्ता दिसणार नाही. गुडविनने साहजिकच विरोध केला. तो कडा उभा होता आणि त्यात रस्ता कोरणे म्हणजे अतोनात खर्च. हुद्द्याने मोठा गुडविन, आणि मॅदरने कौल दिला व्हिंटला. पुढल्याच वर्षी गुडविनने खाते सोडले.

गुडविनविषयी मला थोडी सहानुभूती वाटते. रस्ता बांधणाऱ्याचे पहिले काम रस्ता बांधणे, तो लपविणे नव्हे. पण लूपच्या वर उभे राहून खालच्या खोऱ्याकडे पाहिले आणि त्या अखंड हिरव्या उतारावर पंधरा पांढऱ्या रेघा मनाने ओढून पाहिल्या, तेव्हा मीही व्हिंटच्याच बाजूने हात वर केला.

निर्णय घेणारे खाली राहिले. कडा चढायला गेले ते निराळेच. 1924 च्या शरदात सरकारी रस्ते विभागाचा फ्रँक किट्रिज बत्तीस माणसे घेऊन मोजणीस गेला. कामाच्या जागी पोहोचण्यासाठीच त्यांना रोज सकाळी 2,300 फूट चढावे लागे. मग दोर बांधून कड्यावर लोंबकळत मापे घ्यायची. पाऊस, बर्फ आणि भीती यांनी माणसे टिकेनात. तीन महिन्यांत सारी टोळी तीनदा बदलल्याइतकी माणसे आली आणि गेली. पुढे 1925 पासून पश्चिमेकडचे काम सुरू झाले. कंत्राटदारास ताकीद होती की मोठे सुरुंग लावायचे नाहीत, कारण फुटलेला दगड खालच्या झाडीत कोसळून ओरखडे उठतील. कठडे आणि मोऱ्या तिथल्याच दगडाच्या, म्हणजे रंग डोंगराशी मिळेल. एके ठिकाणी कडा तुटक होता, तेथे भराव न घालता तीन कमानी उभारल्या. पश्चिमेचा बोगदा 192 फुटांचा, त्याला दरीकडे दोन खिडक्या. पूर्वेचा 408 फुटांचा. खिडकी असलेला बोगदा मी प्रथमच पाहिला. अंधारात चाललेल्या माणसालाही देखावा चुकू नये, ही काळजी घेणारे सरकार पाहून हेवा वाटला. या कामावर तीन मजूर मेले.

15 जुलै 1933 रोजी लोगन खिंडीत उद्घाटन झाले. सुमारे पन्नास मैलांचा रस्ता पुरा झाला होता; चार हजारांवर लोक जमले होते. मॅदर मात्र 1930 मध्येच वारला होता. त्या समारंभात ब्लॅकफीट, कूटनाय व फ्लॅटहेड या जमातींच्या लोकांनी एकत्र बसून शांततेची चिलीम ओढली. एके काळचे वैरी या रस्त्यामुळे एकत्र आले, असा त्या प्रसंगाचा थाट होता.

येथवर मी आनंदाने वाचीत होतो. त्या चिलिमीपाशी अडखळलो. हे लोक समारंभाचे पाहुणे होते, तर यजमान कोण?

खिंडीच्या पूर्वेचा सारा डोंगर 1895 पर्यंत ब्लॅकफीट जमातीच्या राखीव मुलखात होता. त्याआधी बारा वर्षांमागे, 1883-84 च्या हिवाळ्यात, रानरेडे संपलेले आणि सरकारी शिधा अपुरा, अशा अवस्थेत तिथे सुमारे सहाशे माणसे उपासमारीने मेली होती. त्यानंतर डोंगरात तांबे व सोने आहे अशी हूल उठली आणि डोंगर विकत मागायला सरकारचे तीन प्रतिनिधी आले. त्यांत जॉर्ज बर्ड ग्रिनेल होता, जो जमातीचा मित्र म्हणवला जाई आणि पुढे याच उद्यानाचा जनक म्हणून ओळखला गेला. जमातीने तीस लाख डॉलर मागितले; सौदा पंधरा लाखांवर तुटला. व्हाइट काफ या वृद्ध नायकाने तेव्हा सांगितले की चीफ माउंटन हे माझे मस्तक आहे आणि आता ते तोडले गेले. सरकारी जमीन असेतोवर लाकूड तोडण्याचा आणि शिकारीचा हक्क जमातीने राखून ठेवला होता. सोने तर निघाले नाहीच. पंधरा वर्षांनी उद्यान झाले, आणि तो हक्कही संपला असे सरकारने धरले. जमातीने ते मनापासून कधी मानले नाही.

मग ते लोक उद्यानात आले ते आगगाडीच्या जाहिरातीतून. पाहुण्यांच्या स्वागतास हॉटेलासमोर पिसांचे टोप घालून उभे राहण्यासाठी रेल्वे कंपनी त्यांना बोलावी. रस्त्याच्या नावाचीही अशीच कथा. 'गोइंग-टु-द-सन', म्हणजे सूर्याकडे जाणारा, हे नाव वाटेतल्या एका पर्वताचे. 1933 च्या सरकारी पत्रकात त्याविषयी ब्लॅकफीटांची एक पुराणकथा दिली होती: एक देव लोकांना शिकार शिकवायला आला आणि सूर्याकडे परत जाताना आपली आकृती त्या डोंगरावर ठेवून गेला. हे नाव आणि ही कथा 1880 च्या सुमारास एका गोऱ्यानेच रचली, असेही म्हणतात. आमच्या बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना वाट दाखविणारा हा धनगर, आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका. खरीखोटी देव जाणे. पण निदान ती आमच्या लोकांनी आमच्या तोंडाने रचलेली आहे, आणि गाडीवान आजही तिथे नाणे टाकतो.

दुसऱ्या दिवशी भाच्याला म्हटले, आज तुझी मोटार नको. ब्लॅकफीट लोकांनी चालविलेली एक बस पूर्वेकडून त्याच रस्त्याने जाते; तिची तिकिटे काढली. वाटाड्या तिशीचा असेल. रस्ता कोणी बांधला, कमानी किती, यातले त्याने चकार शब्दाने सांगितले नाही. कोणते मूळ पोटदुखीवर, कोणते झाड तंबूच्या काठीला, उपास करायला माणसे कोणत्या शिखरावर जात, हे तो सांगत होता. या साऱ्या रांगेला त्याने जगाचा पाठकणा म्हटले. एका बाईंनी सूर्याकडे जाणाऱ्या पर्वताची गोष्ट विचारली. तो हसला आणि म्हणाला, "ती पाटीवर लिहिली आहे." आदल्या दिवशी मी वर पाहत आलो होतो, त्या दिवशी बराच वेळ रस्त्याकडेच्या झुडपांकडे पाहत होतो.

परतताना ब्राऊनिंगच्या वाटेवर झाडी संपली आणि उघडा माळ लागला. वाटाड्याने बस जरा सावकाश करवून उत्तरेकडे बोट दाखविले. रांगेपासून सुटून एकटाच उभा असा एक चौकोनी सुळका होता. चीफ माउंटन, एवढेच तो म्हणाला. बसमधली बहुतेक मंडळी उन्हाने पेंगत होती, भाचाही. मी मान मागे वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत बसलो.