गुडघ्याचे मोजमाप : प्रतिमेपासून प्रश्नावलीपर्यंत

व्याधींचा इतिहास बहुधा उपचारांच्या अंगाने लिहिला जातो. व्याधी मोजली कशी गेली, हा प्रश्न मागे राहतो. मध्यमवयात जडणारा गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यातील कूर्चेची झीज व तदनुषंगिक विकृती, हे या दृष्टीने उद्बोधक उदाहरण होय.

मँचेस्टरच्या केल्ग्रेन व लॉरेन्स यांनी 1952 साली लँकेशायरमधील कोळसा-खाणकामगारांच्या सांध्यांचे क्ष-किरण अध्ययन प्रसिद्ध केले. चाळीस ते पन्नास वयाच्या या कामगारांची तुलना त्यांनी कचेरीतील नोकरांशी केली, तेव्हा खाणकामगारांच्या गुडघ्यांत विकृतीचे प्रमाण अधिक आढळले. पुढे 1957 मध्ये याच उभयतांनी 0 ते 4 अशी श्रेणी बसविली. दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे हाडाच्या कडेला निश्चित अस्थिवृद्धी दिसल्याची, खूण पटली की विकार आहे असे धरण्याचा प्रघात पडला. ही श्रेणी आजही वापरात आहे.

तथापि क्ष-किरणांना हाड दिसते. कूर्चा दिसत नाही आणि वेदना तर नाहीच. प्रतिमेत विकृती असूनही तक्रार नसलेली माणसे पुष्कळ, आणि वेदनेने बेजार असूनही प्रतिमा जवळजवळ निर्दोष असलेली माणसेही थोडी नाहीत. त्यामुळे रुग्णाची साक्ष नोंदविण्याची निकड भासू लागली. कॅनडात निकोलस बेलामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांशी बोलून 24 प्रश्नांची ‘वोमॅक’ प्रश्नावली तयार केली. ती 1988 साली प्रसिद्ध झाली. तीत वेदनेचे 5, ताठरपणाचे 2 व हालचालींचे 17 प्रश्न आहेत.

तरुणपणी गुडघा दुखावलेल्या, पण अद्याप कर्त्या वयात असलेल्या माणसाला ही प्रश्नावली अपुरी पडे. ती उणीव भरून काढण्यासाठी एवा रूस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये 42 प्रश्नांची ‘कूस’ प्रश्नावली पुढे आणली. तीत वोमॅकचे सर्व प्रश्न आहेतच. शिवाय खेळ व मनोरंजन आणि जीवनमान हे दोन विभाग नवे आहेत. पाचही विभागांचे गुण 0 ते 100 असे स्वतंत्र मांडले जातात. 100 म्हणजे निर्वेध गुडघा.

येथे एक बाब विशेष विचारार्ह आहे. वोमॅकमध्ये मोटारीत चढणे-उतरणे आहे, मोजे घालणे आहे; उकिडवे बसणे नाही. कूसमध्ये ते आहे, परंतु खेळ व मनोरंजन या विभागात! आपल्याकडे चूल, शेत, शौचकूप व देवघर या साऱ्यांचा संबंध उकिडवे वा मांडी घालून बसण्याशी. ज्याने त्रासापोटी असे बसणेच सोडून दिले, त्याच्या जीवनातील ही हानी दैनंदिन व्यवहाराच्या गुणांत उतरणार नाही. तो बरा आहे असेच अंक सांगतील. केवळ भाषांतराने हा दोष निघत नाही.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 साली सुरू झालेल्या कॉपकॉर्ड पाहणीने याबाबत एक दिशा दाखविली. तेथे आरंभ प्रतिमेपासून नव्हे, तर घरोघर जाऊन माणसांच्या दुखण्याच्या चौकशीपासून झाला.

सारांश, प्रत्येक मापात ते ज्यांच्यासाठी घडले त्यांची राहणी मुरलेली असते. अभ्यासकाने अंक वाचण्यापूर्वी ती राहणी वाचावी. अन्यथा आपण गुडघा मोजला असे म्हणू, आणि मोजली असेल ती खुर्ची.