क्वीन स्क्वेअरमधील कलाकारागिरांचे सभागृह

लंडनच्या ब्लूम्सबरी भागात, ब्रिटिश म्युझियमपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर, क्वीन स्क्वेअर हा एक शांत चौक आहे. आज त्याची ओळख प्रामुख्याने रुग्णालयांचा चौक अशी आहे. त्या इमारतींच्या रांगेत सहा क्रमांकाचे अठराव्या शतकातील एक घर उभे आहे. हे 'आर्ट वर्कर्स गिल्ड'चे घर. गिल्डच्या स्वतःच्या बैठकांखेरीज कला, वास्तू आणि आरेखन यांच्या वारशासाठी झटणाऱ्या संस्थांचे मेळावे व व्याख्यानेही येथे भरतात. अशा संस्थेची वार्षिक सभा याच वास्तूत भरण्याला काही विशेष अर्थ आहे. तो समजण्यासाठी गिल्डचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

गिल्ड म्हणजे काय?

गिल्ड म्हणजे एका व्यवसायातील कारागिरांचा संघ. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखानुसार क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली होती. त्यांतील २००० वर दरमहा शेकडा एक, तर १००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते आणि त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची व इतर खर्चाची सोय व्हावयाची होती. ही श्रेणी केवळ कारागिरांची संघटना नव्हती. लोक तिच्यावर विश्वासाने पैसा सोपवीत.

युरोपातील मध्ययुगीन गिल्ड मालाचा दर्जा आणि उमेदवारीचे नियम ठरवीत. आर्ट वर्कर्स गिल्डने त्यांचे नाव घेतले, अधिकार मात्र घेतले नाहीत. ही संस्था भाव ठरवत नाही की परवाने देत नाही. निरनिराळ्या कलांच्या लोकांनी एकत्र बसावे, एकमेकांचे काम पाहावे आणि त्यावर बोलावे, एवढाच तिचा मूळ हेतू होता.

स्थापनेची पार्श्वभूमी

गिल्डची स्थापना १८८४ मध्ये झाली. वास्तुविशारद रिचर्ड नॉर्मन शॉ यांच्या कार्यालयात घडलेले विल्यम लेथबी, एडवर्ड प्रायर, अर्नेस्ट न्यूटन, मर्विन मॅकार्टनी आणि जेराल्ड हॉर्सली हे पाच तरुण तिच्या मुळाशी होते. लुइस डे, वॉल्टर क्रेन आदी आरेखनकारांचा 'द फिफ्टीन' हा गटही त्यांना येऊन मिळाला. वास्तुविशारद एकीकडे, चित्रकार व शिल्पकार दुसरीकडे आणि लाकूड, धातू, काच वा कापड हाताळणारा कारागीर सर्वांच्या खाली, ही उतरंड त्यांना मोडायची होती. शिल्पकार जॉर्ज ब्लॅकॉल सायमंड्स हे पहिले 'मास्टर', म्हणजे अध्यक्ष. पुढे १८९२ मध्ये विल्यम मॉरिस यांनी हे पद भूषविले.

क्वीन स्क्वेअरशी मॉरिस यांचे नाते गिल्डपेक्षाही जुने होते. १८६५ ते १८८१ या काळात त्यांच्या कंपनीचे काम याच चौकातील २६ क्रमांकाच्या घरातून चाले आणि आरंभीची काही वर्षे कुटुंबाचे बिऱ्हाडही तेथेच होते. गिल्ड येथे आले ते १९१४ मध्ये. त्या वेळी घराच्या मागील बाजूस वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. ट्रूप यांनी सभागृह बांधले. त्याच्या भिंतींवर सभासदांची नावे रंगविलेली आहेत. बाहेरच्या संस्थेचा सभासद येथे सभेला बसतो, तो या नावांच्या सान्निध्यात.

एका खुर्चीची गोष्ट

गिल्डने १८८८ च्या सुमारास आपल्या तत्कालीन बैठकीच्या खोलीसाठी हेरफर्डशायरमधील फिलिप क्लिसेट या ग्रामीण कारागिराकडून खुर्च्या घेतल्या. पाठीला आडव्या पट्ट्या, बैठक लव्हाळ्याने विणलेली, असे त्यांचे साधे रूप. त्या पाहून प्रभावित झालेला अर्नेस्ट गिमसन हा तरुण वास्तुविशारद १८९० मध्ये क्लिसेटकडे गेला आणि काही आठवडे त्याच्या हाताखाली काम शिकला. शिकलेल्या माणसाने कारागिराचा शिष्य व्हावे, हे या चळवळीचे खरे यश होते. तथापि गिल्डचे सभासदत्व निवडीने मिळत असे. गावच्या कारागिराची खुर्ची सभागृहात पोचली, पण सभासदांत भरणा राहिला तो प्रामुख्याने वास्तुविशारद, चित्रकार, शिल्पकार आणि आरेखनकारांचा.

भिंतीवर नसलेली नावे

त्याहूनही ठळक उणीव स्त्रियांची होती. मॉरिस यांची कन्या मे हिच्या बालपणाची काही वर्षे याच चौकात गेली. १८८५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिने वडिलांच्या कंपनीतील भरतकाम विभागाची धुरा घेतली. तिच्या हातचे काम आज संग्रहालयांत जपले जाते. परंतु वडील ज्या गिल्डचे अध्यक्ष झाले, त्याचे दार तिला बंद होते. अखेर १९०७ मध्ये तिने मेरी एलिझाबेथ टर्नर यांच्या साथीने 'विमेन्स गिल्ड ऑफ आर्ट्स' स्थापन केले. मूळ गिल्डने पहिली स्त्री सभासद स्वीकारली ती १९६४ मध्ये. काष्ठठसाकार जोन हॅसल या त्या सभासद. १९७२ मध्ये त्याच पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. मे मॉरिस यांचे निधन १९३८ मध्येच झाले होते.

वार्षिक सभेत काय होते?

वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्था बहुधा नोंदणीकृत धर्मादाय संस्था असतात. 'विल्यम मॉरिस सोसायटी' १९५५ ची, तर 'व्हिक्टोरियन सोसायटी' १९५८ ची. अशा संस्थांच्या वार्षिक सभेत अहवाल व जमाखर्च मांडला जातो, विश्वस्तांची निवड होते आणि पुष्कळदा त्याला जोडून एखादे व्याख्यानही असते. हा कार्यक्रम आपल्याकडील एखाद्या ग्रंथालयाच्या वार्षिक सभेहून फारसा वेगळा नाही. वेगळेपण असेल तर ते जागेचे. वारसा जपणारी संस्था भूतकाळाची राखण करते. गिल्डचे सभासद आजही हाताने काम करणारे कलाकार व कारागीर आहेत. जुन्या वस्तूंवर बोलणारे आणि नव्या वस्तू घडविणारे येथे एका छपराखाली येतात.

याची निकड किती आहे, हे २०१७ मध्ये दिसून आले. 'हेरिटेज क्राफ्ट्स असोसिएशन'ने त्या वर्षी ब्रिटनमधील संकटग्रस्त हस्तव्यवसायांची पहिली यादी प्रसिद्ध केली. तिच्यात चार व्यवसाय तेथून नामशेष झाल्याची नोंद होती: हाताने क्रिकेटचा चेंडू शिवणे, सोन्याचा वर्ख ठोकणे, लॅक्रॉस खेळाच्या काठ्या बनविणे आणि चाळण्या विणणे. यांपैकी चाळण्यांचे काम पुढे पुन्हा सुरू झाले. ज्या देशाने जगाला क्रिकेट दिले, तेथेच चेंडू शिवणारा हात उरला नव्हता. अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीचा युनेस्कोचा २००३ चा करार ब्रिटनने २०२४ मध्ये स्वीकारला. भारताने तो २००५ मध्येच स्वीकारला होता.

मॉरिस यांनी १८७९ मध्ये बर्मिंगहॅम येथील व्याख्यानात, इंग्रजी व्यापारामुळे भारतातील हस्तकला नष्ट होत असल्याची खंत व्यक्त केली होती. स्वतःच्या देशाला दोष देण्यास ते कचरले नाहीत. क्वीन स्क्वेअरच्या सभागृहात भरणाऱ्या सभांनीही तोच प्रामाणिकपणा दाखवायला हवा. भिंतीवरील नावांचा गौरव करताना, त्या भिंतीवर कोणाला जागा नाकारली गेली आणि आज कोणाच्या हातची विद्या शिष्याविना संपत आहे, याचा हिशेबही जमाखर्चाइतक्याच काटेकोरपणे मांडला गेला पाहिजे. वस्तू संग्रहालयात टिकते. ती घडविण्याची विद्या मात्र शिकणारा पुढे आला तरच टिकते.