सामन्याचे दफ्तर

मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे 1891 सालच्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून जो खेळ मांडला, त्याच्या तेरा नियमांत हिशेबाची कलमे अगदी मोजकी होती. एका पंचाने खेळाडूंवर लक्ष ठेवून फाउलांची नोंद करावी आणि दुसऱ्याने चेंडूवर व घड्याळावर नजर ठेवून गोल मोजावेत, एवढीच त्यांत तजवीज होती. पहिल्याच सामन्यात नऊ-नऊ गड्यांनी मिळून एक गोल केला, तो विल्यम चेस याच्या नावावर जमा आहे. उरलेल्या सतरा जणांनी काय केले ते लिहून ठेवावे, असे कोणाला वाटले नाही.

आज बास्केटबॉलच्या प्रत्येक व्यावसायिक सामन्यानंतर खेळाडूंच्या नावांपुढे अंकांच्या ओळी मांडलेला जो तक्ता प्रसिद्ध होतो, त्याचे मूळ या टोपल्यांत नसून बेसबॉलमध्ये आणि त्याच्याही मागे आपल्या परिचयाच्या क्रिकेटमध्ये आहे. इंग्लंडात जन्मून बालपणीच ब्रुकलिनला आलेला हेन्री चॅडविक हा पत्रकार आरंभी क्रिकेटचीच वृत्ते लिहीत असे, आणि बेसबॉलकडे वळताना गुणलेखकाच्या वहीची सवय त्याने बरोबर नेली. प्रत्येक गड्याचा स्वतंत्र जमाखर्च मांडण्याची ती पद्धत पुढे बास्केटबॉलनेही उचलली. मात्र एक माणूस चेंडू टाकतो आणि एक मारतो अशा खेळांसाठी आखलेला हा तक्ता, दहा माणसे एकाच वेळी धावत असलेल्या खेळाला आजही थोडा अपुराच पडतो, असे मला वाटते.

1 नोव्हेंबर 1946 रोजी टोरोंटो येथे न्यूयॉर्क निकरबॉकर्सने टोरोंटो हस्कीजला 68-66 असे हरविले, तेव्हापासून आजच्या एनबीए या संघटनेचे दफ्तर सुरू होते. त्या दफ्तरात बास्केट, फ्री थ्रो, असिस्ट आणि फाउल यांचे रकाने होते. रिबाउंडचा, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर हस्तगत केलेल्या चेंडूचा, रकाना 1950-51 च्या हंगामात आला आणि खेळाडू किती मिनिटे मैदानावर होता याची नोंद त्याच्या पुढल्या हंगामापासून.

या कोरड्या तक्त्याने एकदा खुद्द खेळाचाच कायदा घडविला. आघाडी मिळताच चेंडू हाती धरून वेळ काढावी आणि प्रेक्षकांना जांभया द्याव्यात, ही चाल त्या काळी सर्रास चाले, आणि 22 नोव्हेंबर 1950 रोजी मिनियापोलिस येथे तिची परमावधी झाली : फोर्ट वेन पिस्टन्सने लेकर्सवर 19-18 असा विजय मिळविला, दोन्ही संघांनी मिळून आठ बास्केट केल्या, आणि लेकर्सच्या अठरांपैकी पंधरा गुण एकट्या जॉर्ज मायकनचे होते. यावर उपाय काढला तो सिराक्यूज नॅशनल्सचा मालक डॅनी बियासोन याने. जे सामने आपल्याला पाहवले त्यांचे तक्ते पुढे घेऊन त्याने हिशेब केला, की रंगतदार सामन्यात प्रत्येक संघ साधारण साठ वेळा टोपलीकडे चेंडू फेकतो. अठ्ठेचाळीस मिनिटांचे 2880 सेकंद एकशेवीसने भागले की 24 येतात. तेव्हा चोवीस सेकंदांत फेक झालीच पाहिजे. 1954-55 च्या हंगामात हा नियम लागू झाला आणि संघाची सामन्यागणिक सरासरी सुमारे 79 गुणांवरून 93 वर गेली. भागाकार इतका बाळबोध, की एखाद्या मामलेदार कचेरीतील कारकुनानेही तो सहज केला असता. परंतु कोणते सामने निवडावेत हे ठरविण्यास मात्र रसिकच हवा होता.

या दफ्तरातील सर्वांत प्रसिद्ध पान 2 मार्च 1962 चे आहे. पेनसिल्व्हेनियातील हर्शी या चॉकलेटसाठी विख्यात असलेल्या गावी फिलाडेल्फिया वॉरियर्सने निकरबॉकर्सला 169-147 असे हरविले, आणि विल्ट चेंबरलेनने एकट्याने शंभर गुण केले. दूरचित्रवाणीचे यंत्र तेथे नव्हते, चलच्चित्र कोणी घेतले नाही. रेडिओवरील वर्णनाचा अखेरच्या भागाचा अंश तेवढा शिल्लक आहे. त्यामुळे 63 फेकींत 36 बास्केट, 32 फ्री थ्रोंपैकी 28, आणि 25 रिबाउंड हे त्या रात्रीचे सारे रूप आपल्यापर्यंत येते ते हार्वी पोलॅक या लेखनिकाच्या हातून. संघाचे अंक ठेवणे आणि वृत्तसंस्थांना बातमी धाडणे ही दोन्ही कामे तोच करीत होता. सामना संपल्यावर त्यानेच एका कागदावर 100 हा आकडा लिहून चेंबरलेनच्या हाती दिला; त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गेले. शेवटच्या पर्वात निकरबॉकर्स चेंबरलेनला चेंडू मिळू नये म्हणून इतरांवर मुद्दाम फाउल करीत होते आणि वॉरियर्सही चेंडू परत मिळावा म्हणून तेच करीत होते. तक्त्यात ते सारे फाउल आहेत, हेतू मात्र एकाचाही नाही. शंभराव्या गुणाचा चेंडू ज्याने पुरविला त्या जो रुक्लिकने लगोलग लेखनिकांचे मेज गाठून आपला असिस्ट नोंदला गेला ना, याची खातरजमा केली, असे सांगतात. मला तरी हा माणूस त्या रात्रीच्या नायकाइतकाच स्मरणीय वाटतो.

चेंबरलेनचा प्रतिस्पर्धी बॉस्टनचा बिल रसेल याच्यावर मात्र या दफ्तराने अन्याय केला. तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळविणाऱ्या या पुरुषाची सरासरी केवळ 15.1 गुणांची, त्याची खरी विद्या समोरच्याचा चेंडू हवेतच अडविण्याची. पण ब्लॉक आणि स्टील यांचे अधिकृत रकाने उघडले 1973-74 साली, आणि रसेल 1969 मध्येच निवृत्त झाला होता. त्यामुळे एका सामन्यातील सर्वाधिक ब्लॉकांचा मान आजही एल्मोर स्मिथकडे आहे : 28 ऑक्टोबर 1973, सतरा ब्लॉक; म्हणजे रकाना उघडल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात. प्रतिस्पर्ध्याने फेकलाच नाही असा चेंडू, रसेल उभा आहे एवढ्याच धास्तीने, तो तर कोणत्याही रकान्यात बसण्यासारखा नव्हता.

रकाना एकदा उघडला की खेळाडू त्याच्याकडे पाहून खेळू लागतात, हीही या इतिहासाची एक बाजू. गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दोन अंकी संख्या गाठणे म्हणजे ‘ट्रिपल-डबल’, ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय बहुधा पोलॅकलाच दिले जाते. ऑस्कर रॉबर्टसनने 1961-62 मध्ये हंगामाची सरासरीच तशी राखली, तेव्हा या शब्दाचा गाजावाजा नव्हता. पुढे मात्र तो इतका झाला, की 16 मार्च 2003 रोजी यूटा जॅझविरुद्ध क्लीव्हलंडचा रिकी डेव्हिस एका रिबाउंडसाठी अडला असता, सामना खिशात आणि घड्याळावर थोडेच सेकंद उरलेले पाहून, त्याने स्वतःच्याच टोपलीकडे चेंडू फेकून तो परत झेलला. जॅझच्या खेळाडूने संतापून त्याला फाउल केला. नियमाप्रमाणे आपल्याच टोपलीकडची फेक ही फेक नव्हे, म्हणून त्यावरचा रिबाउंडही नामंजूर झाला, आणि डेव्हिसच्या नावापुढे 26 गुण, 12 असिस्ट आणि 9 रिबाउंड अशीच नोंद कायम झाली.