यादीतली तीन रिकामी वर्षं

इंग्लंडच्या सपाट शर्यतींत दरवर्षी सर्वाधिक विजय मिळवणाऱ्या जॉकींची यादी १९२५ ते १९५३ अशी वाचत गेलं, तर एकच नाव २६ वेळा येतं: गॉर्डन रिचर्ड्स. श्रॉपशरमधल्या कोळसा खाणकामगाराचा हा मुलगा. मार्च १९२१मध्ये लेस्टरला ‘गे लॉर्ड’ या घोड्यावर त्यानं पहिली शर्यत जिंकल्याची नोंद आहे.

त्या २९ वर्षांतली उरलेली तीन मला अधिक बोलकी वाटतात. १९२६मध्ये क्षयानं त्यांना गाठलं. १९४१मध्ये पाय मोडला. १९३०चे आकडे असे: फ्रेडी फॉक्स १२९, रिचर्ड्स १२८. म्हणजे शरीर धड असताना ते मागे पडले एकदाच, तेही एका शर्यतीनं.

१९३३च्या ऑक्टोबरचे निकाल ओळीनं मांडले की थक्क व्हायला होतं. ३ तारखेला नॉटिंगहॅमची शेवटची शर्यत त्यांची. ४ला चेपस्टोच्या सहाच्या सहा. ५ला तिथल्याच पहिल्या पाच. सलग बारा! त्या हंगामात २५९ विजय झाले आणि फ्रेड आर्चरचा १८८५चा २४६चा विक्रम ४८ वर्षांनी मोडला. पुढं १९४७मध्ये त्यांनी स्वतःचाही मोडला, २६९.

डर्बी मात्र हुलकावणी देत राहिली. १९४७मध्ये दोन हजार गिनीज आठ लेंग्थनं जिंकलेला ‘ट्यूडर मिन्स्ट्रल’ एप्समच्या डर्बीत चौथा आला. अखेर ६ जून १९५३ला, राणीच्या राज्याभिषेकानंतर चौथ्या दिवशी, ‘पिंझा’वर त्यांनी ती जिंकली. दुसरा आला राणीचाच ‘ऑरिओल’. पिंझाचे मालक सर व्हिक्टर ससून. पुण्याचं ससून रुग्णालय ज्यांच्या नावाचं, त्या डेव्हिड ससून यांचे हे पणतू. मुंबईच्या गिरण्यांतून आलेला पैसा या घराण्याच्या तबेल्यांमागे होता.

जुलै १९५४मध्ये सँडाउनला राणीची ‘अ‍ॅबरगेल्डी’ उसळून त्यांच्या अंगावर पडली, कमरेचं हाड मोडलं. ४,८७० विजयांवर जॉकीचं खातं बंद झालं.

मग ते ट्रेनर झाले. या ट्रेनर रिचर्ड्सबद्दल चरित्रलेखक चार ओळींत आटोपतात. हा अन्याय आहे. त्यांनी तयार केलेला ‘पाइप ऑफ पीस’ १९५७मध्ये दोन हजार गिनीज आणि डर्बी, दोन्हींत तिसरा आला. दोन्ही जिंकल्या ‘क्रेपेलो’नं, आणि त्याचे मालक होते तेच व्हिक्टर ससून.

दहा वर्षांनी मायकेल सोबेल यांचा ‘रिफॉर्म’ आला. गिनीज, डर्बी यांसारख्या क्लासिक शर्यतींत तो धावलाच नाही, त्यामुळे त्यांच्या विजेत्यांच्या रकान्यात ट्रेनर रिचर्ड्स यांचं नाव शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पण १९६७च्या ससेक्स स्टेक्सचा, मग अ‍ॅस्कटच्या क्वीन एलिझाबेथ स्टेक्सचा आणि न्यूमार्केटच्या चॅम्पियन स्टेक्सचा निकाल पाहावा. तिन्हींत रिफॉर्म पहिला. चॅम्पियन स्टेक्समध्ये तिसरा होता ‘रॉयल पॅलेस’, त्या वर्षीची गिनीज आणि डर्बी दोन्ही जिंकलेला.